बोट लागलेली काकडी

गावाला नाव होतं, पण आपल्याला त्याचं काय करायचंय? आपलं काम कासारणीशी. तर त्या गावात, नदीकडे उतरणाऱ्या आळीच्या टोकाला, एक कासारीण राहायची.

खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकायच्या आणि गावोगाव हिंडून बायकांना बांगड्या भरायच्या, हा तिचा उद्योग. हात मोठा हुशार. पंजा कितीही जाड असो आणि बांगडी कितीही लहान असो, ही बोटं दाबत, चोळत, गप्पा मारत बांगडी अशी चढवायची की बाईला कळायचंसुद्धा नाही. फक्त एक गोष्ट ती प्रत्येकीला बजावून सांगायची.

"हात सैल सोड गं. भिऊन मूठ वळलीस की बांगडी फुटते."

आणि गप्पा तर विचारू नका. या गावाची बातमी त्या गावाला, त्या गावाची पुढच्या गावाला. कासारीण आली म्हटलं की बायका हातातली कामं टाकून ओसरीवर जमायच्या. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख तिला जन्मभर मिळालं होतं.

मग एक वर्ष असं आलं की तिचे गुडघे रुसून बसले. वैद्यानं लेप दिला, काढा दिला आणि शेवटी म्हणाला, "बाई, पुष्कळ चाललात. आता घरी बसा."

झालं! जिनं सगळा जन्म वाटेवर काढला, ती ऐन पावसाळ्यात घरी बसली. घरात दुसरं माणूस नाही. माळा खुंटीला टांगलेल्या. पहिले दिवस बरे गेले, पुढे भिंतीच अंगावर यायला लागल्या. कुणी तिची वाट बघेना, आणि जिची वाट बघावी असं तिच्याकडेही कुणी येईना. येत होती फक्त शेजारची भिवरा.

ही भिवरा जन्माची मुकी होती. कानांनी स्वच्छ ऐकायची, पण तोंडातून शब्द उमटायचा नाही. भावाच्या घरी राहायची. भाऊ शेतात, भावजय म्हशीत. तिच्या खुणा समजून घ्यायला दोघांनाही सवड नव्हती. भिवराचं सगळं बोलणं तिच्या बोटांत होतं. बोट उभं केलं की 'थांब', आडवं फिरवलं की 'नाही', आणि सरळ लांब केलं की 'ते बघ'. ते 'ते बघ' तिचं सगळ्यात लाडकं. चिमणीनं घरटं बांधलं, ते बघ. तुझी चूल उतू चाललीये, ते बघ. हाक मारायची तर हातातल्या हिरव्या बांगड्या खळखळ वाजवायची. बांगड्या अर्थात कासारणीनंच भरलेल्या.

एक अखंड बोलणारी आणि एक कधीच न बोलणारी, पण दोघींचं जमलं होतं खरं! आळीतल्या बायका म्हणायच्या, मुकीचं बोलणं कासारणीलाच कळतं. आणि कासारणीचं बोलणं ऐकण्याचा दम फक्त मुकीतच आहे.

तर शेवटच्या फेरीत कासारणीला एका माळिणीनं बांगड्यांच्या बदल्यात धान्य न देता काकडीचं बी दिलं होतं. पदराच्या गाठीत ते तसंच राहिलं होतं. एक दिवस गाठ सुटली, बी हातात आलं, आणि कासारणीच्या डोक्यात कल्पना आली.

"भिवरे, आपण काकडी लावू गं! दाराशी वेल चढवू. गौरीच्या सणाला सगळ्या आळीला कोशिंबीर माझ्या काकडीची. आहेस ना संगतीला?"

भिवराच्या बांगड्या खळखळल्या. तिची आई होती तेव्हा त्यांच्या परसात काकडीचे वेल असायचे. आई गेली आणि त्या जागी भावजयीनं म्हशी बांधल्या. भिवरानं मग तिथं कधी काही लावलं नाही.

कासारणीनं आयुष्यात कधी काही पेरलं नव्हतं, त्यामुळे उत्साह फार आणि अक्कल थोडी. पहिल्याच दिवशी तिनं बी असं खोल पुरलं की जणू विहीरच खणतेय. भिवरानं कपाळावर हात मारला, सगळं उकरून वर आणलं आणि बोटाचं एक पेर दाखवलं: एवढंच खोल. मग कासारीण रोज माती उकरून बघायला लागली, आलं का, आलं का. भिवरानं बोट उभं केलं: थांब. एक दिवस खरंच कोंब वर आले, दोन पानं उघडली, आणि कासारीण गुडघे विसरून अंगणभर नाचली.

सुताराकडून काठ्या आणल्या, मांडव घातला. वेल सरसर वर चढला. कासारणीच्या तोंडी दुसरा विषय नाही. पाण्याला जाणारी बाई दिसली की, "ये गं, बघून जा माझा वेल." आळीतल्या बायका पुन्हा तिच्या दाराशी थांबू लागल्या. कासारणीला बरं वाटलं. कुणीतरी पुन्हा वाट बघत होतं, आपली नाही तर आपल्या काकडीची.

मग पिवळी फुलं आली. खूप आली. आणि आली तशी गळून पडली.

कासारणीचा चेहरा उतरला. भिवरा मात्र निवांत होती. तिनं खाली पडलेलं एक फूल उचललं, त्याचा नुसता देठ दाखवला आणि बोट आडवं फिरवलं: हे नव्हे. मग वेलाच्या टोकाला बारीकशी कळी होती, तिच्या मागं इवलीशी काटेरी काकडी चिकटलेली होती, ती दाखवली: हे. पहिली फुलं नुसती असतात, काकडीची फुलं मागून येतात, असं तिचं सांगणं. कासारणीला थोडं कळलं, थोडं नाही.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी राहणारी सुतारीणकाकू आली. बाई मनानं वाईट नव्हती, पण जगातल्या सगळ्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असा तिचा समज. गळलेली फुलं बघून तिनं हनुवटीला हात लावला.

"अगं बाई! कुणी बोट दाखवलं का वेलाला?"

"बोट?"

"काकडीला बोट दाखवायचं नसतं. कुजते. एवढं साधं तुला ठाऊक नाही?"

"मी बांगड्या विकत हिंडले काकू. मला कोण सांगणार?"

"मग आता ऐक. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं, हे असं." सुतारणीनं बोट दुमडून नुसतं पेर पुढं केलं. "आणि चार लोकांची नजर लागू देऊ नकोस. तू तर साऱ्या गावाला बोलावून दाखवतेस!"

बोट मुडपून दाखवायची चाल गावात कासारीण सोडून सगळ्यांनाच ठाऊक होती. लहान पोरंही वेलाजवळ आली की बोट दुमडायची. बाकीच्यांना त्यात काय मोठंसं? बोट दुमडलं आणि तोंडानं सांगितलं. पण भिवराचं बोट दुमडलं तर तिनं बोलायचं कशानं, हा विचार कुणी केला नाही. कासारणीनंही नाही.

दोन दिवसांनी खरीखुरी काकडीची फुलं उमलली. भिवरा धावत आली, बांगड्या वाजवल्या आणि आनंदानं बोट सरळ लांब करून दाखवलं: ते बघ! ते बघ! आणखी एक, ते बघ!

"अगं खाली कर ते बोट!" कासारीण किंचाळली.

भिवरा दचकली. तिला वाटलं विंचू-बिंचू आहे. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"बोट मुडप. असं. काकडीला सरळ बोट दाखवायचं नसतं म्हणे."

भिवरानं मुडपलेलं बोट बघितलं, आणि तिला हसू आलं. तिच्या बोलीत मुडपलेल्या बोटाला काही अर्थच नव्हता. तिनं मान हलवली आणि पुन्हा सरळ बोट केलं. कासारणीनं तिचा हात खाली दाबला.

त्याच सुमाराला पावसाची झड लागली. दिवसच्या दिवस मधमाशी बाहेर पडेना. फुलामागच्या त्या इवल्या काकड्या पिवळ्या पडल्या, टोकाकडून सुकल्या आणि बोट लावताच गळाल्या. जिच्या जिच्याकडे भिवरानं बोट दाखवलं होतं, नेमकी तीच गेली होती. बरं, भिवरानं तर सगळ्यांकडेच दाखवलं होतं. पण भ्यालेलं माणूस एवढा हिशोब कुठं करतं?

तिनं ट्रंक उघडली, जुनं लुगडं काढलं आणि सगळा मांडव झाकून टाकला. उजाडायच्या आत झाकायचं, अंधार पडला की काढायचं. म्हणजे कुणाची नजर नको आणि कुणाचं बोटही नको.

भिवरा आली तेव्हा ती लुगड्याकडे बघतच राहिली. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं, आणि दोन मधमाश्या लुगड्यावर इकडून तिकडं फिरत होत्या. आत शिरायला वाट मिळेना. भिवरानं दोन बोटं पंखासारखी फडफडवली, मग लुगड्याकडे दाखवलं, मग आत फुलांकडे दाखवलं. पुन्हा बोटं फडफडवली.

"पुरे!" कासारीण म्हणाली. "तुला सांगून कळत नाही का? वेलाजवळ बोट उचलायचं नाही. उचलणार असशील तर येऊच नकोस."

भिवरानं हात पदराखाली घेतले आणि गुपचूप घरी गेली. तिचं म्हणणं तिच्या बोटांतच राहिलं.

लुगड्याखाली नवी फुलं उमलत होती आणि नव्या काकड्या पिवळ्या पडत होत्या. गौरीचा सण जवळ येत चालला. बायका विचारायच्या, "काय गं, काकड्या लागल्या का?" कासारीण सांगायची, "लागताहेत." आणि आत जाऊन डोळे पुसायची. सगळ्या आळीला शब्द दिला होता तिनं. आता आळी हसणार, आणि हसून आपापल्या वाटेनं जाणार. पुन्हा दाराशी कोण थांबणार?

एके दिवशी पहाटे तिनं मांडव झाकला आणि चूल पेटवायला आत गेली. फुंकणी तोंडाला लावते न लावते तोच बाहेर बांगड्या किणकिणल्या. अगदी हळू. कुणीतरी हात जपून हलवत होतं.

कासारीण बाहेर आली. भिवरा मांडवापाशी, लुगड्याचा कोपरा उचलून, कोपरापर्यंत हात आत घालून उभी. तिनं एका फुलात बोट फिरवलं, बाहेर काढलं, आणि ते बोट नेऊन दुसऱ्या फुलात, ज्याच्या मागं इवली काकडी होती त्यात, अलगद टेकवलं. बोटाचं टोक पिवळंधमक झालं होतं.

कासारणीला पिवळं दिसलं नाही. तिला बोट दिसलं.

"तूच! म्हणजे लपून येऊन तूच करतेस हे!"

तिनं झडप घालून भिवराचं मनगट धरलं. भिवरानं घाबरून मूठ वळली. ओढाताण झाली आणि कच्चकन आवाज आला. हिरव्या बांगड्या पिचल्या. तुकडे खाली पडले, मनगटावर रक्ताची रेघ उमटली.

इतक्या गावांत हिंडून जिच्या हातून कधी एक बांगडी पिचली नाही, तिनं आपल्या मैत्रिणीच्या बांगड्या पिचवल्या. तिथंच थांबायचं की नाही? पण राग फार होता, आणि जीभ तर जन्मापासून मोकळी.

"देवानं तुझी वाचा नेली ती उगाच नाही," ती म्हणाली. "बोटंही न्यायला हवी होती!"

भिवराचा चेहरा पांढरा पडला. तिनं दोन्ही मुठी घट्ट मिटल्या, पदराखाली घेतल्या आणि निघून गेली. जाताना बांगड्या वाजल्या नाहीत, कारण त्या हातात एकही उरली नव्हती आणि दुसरा हात तिनं हलू दिला नाही.

त्यानंतर भिवरा आली नाही. नुसती कासारणीकडे आली नाही असं नव्हे, तिनं बोटं उचलणंच सोडलं. पाणवठ्यावर कुणी काही विचारलं तरी मुठी मिटून उभी. भावजय ओरडली, "अगं, म्हैस कुठं गेली ते तरी दाखव!" तरी मुठी मिटलेल्याच. जेवायला आणि कामाला हात उघडायचा, बोलायला नाही.

सुतारीणकाकू कासारणीला म्हणाली, "अगं, ती मुकी होतीच. आता खरंच मुकी झाली."

ते वाक्य कासारणीच्या काळजात रुतलं. संध्याकाळी चुलीपुढं ती एकटीच काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि बंद करायची. ऐकणार कोण? तिला वाटलं, आपण जावं, समजूत काढावी. मग वाटायचं, पण चूक तिचीच ना? बोट दाखवू नको म्हटलं होतं की नाही? असं स्वतःशी भांडत ती दिवस ढकलत होती.

एका संध्याकाळी अंधार पडायच्या आतच तिनं लुगडं काढलं आणि वेल खालपासून वरपर्यंत तपासला. इथं पिवळी, तिथं सुकलेली, ही गळायला आलेली. आणि मांडवाच्या कोपऱ्यात, पानांच्या आड, एक काकडी लोंबत होती. चांगली वीतभर. हिरवीगार, टणटणीत.

कासारीण हरखली. पहिला विचार तिच्या मनात आला तो असा: बघ, भिवरा यायची थांबली आणि काकडी धरली! तिनं काकडी हातात घेतली, फिरवून बघितली, आणि तिथंच थबकली.

काकडीशेजारच्या वेटोळ्या तंतूत हिरव्या काचेचा एक तुकडा अडकला होता. बांगडीचा.

म्हणजे ही तीच जागा. लुगड्याचा हाच कोपरा भिवरानं उचलला होता. हेच ते फूल, ज्यात तिनं बोट टेकवलं होतं.

नुसतं बोट दाखवलं तरी काकडी कुजते म्हणतात. मग ज्या काकड्यांना कुणाचं बोट लागलं नाही, कुणी नजरेनंही पाहिलं नाही, त्या सगळ्या गेल्या. आणि जिला बोट लागलं ती एकटी वाढली? हे कसं?

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं लुगडं घातलंच नाही. उघड्या मांडवापुढं जाऊन बसली. ऊन वर आलं, फुलं पुरी उमलली आणि मधमाश्या आल्या. एक माशी नुसत्या देठाच्या फुलात शिरली, आत लोळली, बाहेर आली तेव्हा तिचे पाय पिवळे झाले होते. तीच माशी मग इवल्या काकडीच्या फुलात शिरली.

पिवळे पाय. भिवराचं पिवळं बोट. आणि ती फडफडणारी दोन बोटं, लुगड्याकडे, फुलांकडे.

"अगं माझ्या बाई!" कासारीण मोठ्यानं म्हणाली. "माशा आत येऊ दे, असं सांगत होतीस तू! आणि मी येऊ दिल्या नाहीत, म्हणून तू स्वतः माशीचं काम करत होतीस."

तिला रडू कोसळलं. गुडघे दुखत होते तरी ती उठली, खुंटीवरच्या माळा काढल्या, त्यातल्या सगळ्यात चांगल्या हिरव्या बांगड्या निवडल्या आणि शेजारी गेली.

भिवरा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. कासारणीला पाहताच तिनं मुठी पदराखाली घेतल्या.

कासारीण तिच्यापुढं जमिनीवर बसली. गावोगाव बोलून थकली नव्हती ती बाई, पण आता तोंडातून शब्द फुटेना. ओठ हलले आणि नुसतेच राहिले. आपल्याला म्हणायचंय ते म्हणता येत नाही, म्हणजे कसं असतं, ते तिला त्या घटकेला पहिल्यांदा कळलं.

शेवटी ती म्हणाली, "भिवरे, मी चुकले. बांगड्या पिचवल्या त्याहून वाईट बोलले. देवानं माझी जीभ न्यायला हवी होती, तुझी बोटं नव्हे."

भिवरा तिच्याकडे बघत राहिली. मुठी उघडल्या नाहीत.

कासारणीनं हात पुढं केला, भिवराचा एक हात पदराखालून हळूच बाहेर घेतला आणि तो चोळायला लागली. मनगटावरची खपली सांभाळून, अंगठ्याचा गोळा दाबून, एकेक पेर मोकळं करत. हजारो हात असे मोकळे केले होते तिनं, पण एवढ्या काकुळतीनं एकही नाही.

"हात सैल सोड गं," ती म्हणाली. "भिऊ नकोस. आता नाही दुखवणार."

कितीतरी वेळ ती नुसती चोळत होती. मग एक बोट सुटलं. मग दुसरं. मूठ उघडली तशी कासारणीनं एकेक बांगडी अलगद चढवली. एकही पिचली नाही.

बांगड्या भरून झाल्या की बाईनं कासारणीला वाकून नमस्कार करायचा, अशी रीत. भिवरा सवयीनं वाकायला गेली. कासारणीनं तिला थांबवलं आणि आपणच तिच्या त्या उघड्या हातावर डोकं टेकवलं.

भावजय दारातून बघत होती. तिनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात भिवरानं हात सोडवून घेतला, ओट्यावरून वाकून शेजारच्या उघड्या मांडवाकडे पाहिलं आणि बोट सरळ लांब केलं. ते बघ! लुगडं नाही! बांगड्या अशा खळखळल्या की बांधलेल्या म्हशींनी माना वळवल्या.

गौरीचा सण आला तोवर वेलाला पुष्कळ काकड्या धरल्या होत्या, पण सगळ्या करंगळीएवढ्या. खाण्याजोगी एकच, ती कोपऱ्यातली. आळीच्या बायका सुतारणीकडे गौर बघायला जमल्या होत्या, तिथं कासारीण ती एक काकडी घेऊन गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी साऱ्या आळीला कोशिंबीर देणार होते. एवढीच आहे. आणि हीसुद्धा माझी नाही, भिवराची आहे. मी तर कुजवायला निघाले होते."

एका काकडीची कोशिंबीर ती किती? दाण्याचं कूट घालून, दही घालून, पानावर चिमूट चिमूट वाढली. पण कासारणीनं सगळी हकीकत सांगितली आणि सांगताना स्वतःची जराही गय केली नाही, त्यामुळे चिमूटही सगळ्यांना पुरली.

सुतारीणकाकूचं मात्र समाधान होईना. "बाकीच्या काकड्या कुठायत म्हणालीस?"

सगळ्याजणी मांडवापाशी आल्या. कासारीण बाजूला झाली.

"भिवरे, तूच दाखव."

भिवरा पुढं झाली. सुतारणीनं घाईघाईनं आपलंच बोट मुडपलं, जणू तेवढ्यानं वेल वाचणार होता. भिवरानं हात वर केला आणि एकेका काकडीकडे बोट लांब केलं, सरळ, ताठ. ही बघा. ती बघा. ती पानाआडची बघा. एकही राहिली नाही.

पुढं काय झालं? काकड्या वाढल्या, आणखी काय होणार! इतक्या झाल्या की आळीला पुरून पाहुण्यांच्या पिशव्यांतून गेल्या. दुसऱ्या वर्षी आळीतल्या सगळ्या बायकांनी वेल लावले आणि पावसाची झड लागली, माशा येईनाशा झाल्या, की त्या भिवराला बोलवायला यायच्या. "भिवरा, आमच्याही वेलाला बोट लाव गं." सुतारीणकाकू सगळ्यांत पुढं. भिवरा दारोदार जायची, आणि तिच्या मागं, गुडघे धरत धरत, तिचं बोलणं समजावून सांगायला कासारीण.

तात्पर्य काय, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगा: भिऊन झाकून घेतलं की वाईट बाहेर राहतं की नाही ते कुणालाच ठाऊक नाही, चांगलं मात्र नक्की बाहेर राहतं. म्हणून आपल्या माणसाचं बोट खाली दाबण्याआधी, ते काय दाखवतंय तेवढं बघून घ्यावं.